विषय क्रमांक बारा

९ फेब्रुवारी

ती. बाबा,

परवा फोनवर मी पाऊण तास ओरडत होतो. शेजारचे खिडकीत आले, आणि शेवटी तुम्ही "ऐकू येत नाही, पत्र टाक" म्हणून फोन ठेवलात. तेव्हा टाकतो आहे. यापुढे असंच करू. कानांपेक्षा तुमचे डोळे जास्त शाबूत आहेत.

आम्ही ठीक. हिला नववा लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात वीस तारखेच्या आसपास. पायांना सूज आहे, झोप नाही, आणि मी घरात असलो की हिला माझा राग येतो, नसलो की जास्त येतो.

नगरसेवक होऊन आठ महिने झाले, पण अजून सभागृहात शिरलो की तुमच्या जागेकडे नजर जाते. खिडकीजवळचं ते टेबल तसंच आहे. तिथे आता एक मुलगी बसते आणि इतिवृत्त थेट संगणकावर लिहिते. एकतीस वर्षं तुम्ही तिथे मान खाली घालून लिहीत होतात आणि मी आता समोर उभा राहून बोलतो. मजा वाटते.

अठराला सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर अकरावा विषय माझा आहे: आपल्या वॉर्ड सातचं पाणी दुपारी तीनऐवजी सकाळी सोडणे. सहा वर्षं लोक ओरडताहेत. दुपारी घरात असतं कोण? माणसं कामावर, मुलं शाळेत, आणि नळ रिकाम्या घरात वाहतो. मतं इकडची तिकडे झाली तर विषय पडेल, म्हणून मी जिवाचं रान केलंय. आता देवाला एकच मागणं, की सभा आणि बाळ एका दिवशी नकोत. झालीच तर काय करू?

तुमचा ढब्बू

०

१४ फेब्रुवारी

वॉर्ड क्रमांक सातचे सन्माननीय सदस्य चि. ढब्बू यांस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण दिवसभरात वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

काय करू म्हणतोस? त्यात विचारायचं काय? तुझ्या वेळी सभा चालू होती. शिपाई सांगत आला, मी पेन तिथेच टाकलं आणि पळत सुटलो. एका पायात चप्पल होती, दुसरी टेबलाखाली राहिली. दवाखान्याच्या दारात पोचलो आणि तुझा पहिला आवाज ऐकला. हे तू शंभरदा ऐकलं आहेस. एकशे एकाव्यांदा ऐक.

सभेबद्दल एक सांगतो, कारण तुम्ही बोलणारी माणसं लिहिणाऱ्याला विसरता. माझे साहेब मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, घडायच्या आधी लिहायचं नाही आणि लिहिल्यावर खोडायचं नाही. चुकलं असेल तर पुढच्या सभेत, सगळ्यांसमोर, दुरुस्ती म्हणून लिहायचं. एवढ्यावर मी एकतीस वर्षं काढली.

इथे कोरडी हवा छातीला मानवते. दोन खोल्या झाडून होतात सकाळी नऊला, आणि मग दिवस उरतोच. सूनबाईला म्हणावं, पाय उशीवर ठेव.

बाबा

०

२१ फेब्रुवारी

ती. बाबा,

तुम्ही आजोबा झालात. मुलगी आहे. अठराला, दुपारी चार पन्नासला. वजन दोन किलो आठशे. दोघी छान आहेत.

सभेच्याच दिवशी, बघा. पण मी दोनलाच उठलो आणि निघालो. पाण्याचा विषय माझ्यावाचूनही निभावला, मंजूर झाला. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो आणि तिचा पहिला आवाज ऐकला. अगदी तुम्ही सांगता तसाच. मग नर्सने तिला माझ्या हातात दिलं आणि मला काही सुचेना, कुठे हात धरायचा, मान कशी सांभाळायची. तुम्ही मला धरलंत तेव्हा असंच झालं असेल.

सासूबाई तीन आठवडे राहायला आल्या आहेत. ही मुलीला "अध्यक्षबाई" म्हणते. त्यांनी आवाज काढला की सगळं कामकाज तहकूब. नाव अजून ठरलेलं नाही.

बाकी मोठं पत्र नंतर. दारात सहा माणसं बसली आहेत.

तुमचा ढब्बू

०

२ मार्च

चि. ढब्बू,

पत्र घेऊन मी खाली उतरलो आणि वाण्याला सांगितलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं. बँकेच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं हो." मग सांगायला कोणी उरलं नाही, तेव्हा वर आलो आणि तुझ्या आईच्या फोटोला सांगितलं. तिला कळायला इतका उशीर व्हायला नको होता.

कान कोणावर गेलेत? आपल्या घराण्याचे सुपासारखे नकोत. हसते का? इतक्यात नसेलच हसत, पण विचारतो.

मी येणार होतो. पिशवीही काढली. मग म्हटलं, घरात बाळंतीण, विहीणबाई, वर तुझी दारातली माणसं. त्यात हा खोकणारा म्हातारा कशाला? बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी चालेल, रागावणार नाही.

तू दारात होतास हे वाचून फार बरं वाटलं. फार म्हणजे फारच.

बाबा

०

२३ मार्च

ती. बाबा,

उशिराबद्दल माफ करा. पाणी सकाळी साडेपाचला सुटायला लागलं आणि माझी झोप गेली. पहिला आठवडा मीच पाणी सोडणाऱ्याबरोबर सायकलने फिरलो. वरच्या गल्लीत चढत नाही, खालच्या गल्लीत चढतं तर लोक म्हणतात कमी चढतं. सगळे माझ्याकडेच येतात. साडेपाच ते साडेआठ वॉर्डात, मग बाहेरच्या खोलीत लोक, मग ऑफिस, संध्याकाळी समित्या. पण बाबा, एक आजीबाई मला म्हणाल्या, सहा वर्षांनी पहिल्यांदा मी आंघोळीला ताजं पाणी घेतलं. त्या एका वाक्यावर मी महिना काढला.

ही मुलीला घेऊन आईकडे गेली आहे. बदल म्हणून. थोडेच दिवस. बसने तासाभराचं अंतर, काही लांब नाही. मी जाऊन येतो जमेल तसा.

घर शांत आहे. बरं आहे तेवढंच, कामं उरकतात.

तुमचा ढब्बू

०

६ एप्रिल

चि. सौ. सूनबाई,

तुला मी पत्र लिहितो आहे हे ढब्बूला सांगू नकोस. तुझ्या आईचा पत्ता जुन्या वहीत सापडला.

नगरपरिषदेत रेकॉर्ड सांभाळणारा माझा मित्र अजून नोकरीत आहे. दर सभेचं छापील इतिवृत्त तो मला टपालाने पाठवतो. अकरा वर्षं पाठवतो आहे. म्हाताऱ्याची करमणूक. ढब्बूला हे माहीत नाही. त्याला कळलं असतं तर सभागृहात माझ्या भीतीने त्याला वाचा फुटली नसती, म्हणून बोललो नाही.

फेब्रुवारीचं इतिवृत्त काल आलं. मी तुला एवढंच विचारतो. नात झाली तेव्हा तो कुठे होता? आणि तू आईकडे किती दिवस आहेस?

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तब्येत जप.

तुझा सासरा

०

१२ एप्रिल

ती. बाबांना नमस्कार.

तो होता, बाबा. दारातच होता. असं तुम्ही का विचारता?

किती दिवस ते मला माहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या घराची बाहेरची खोली आता ऑफिस झाली आहे. चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, एकात एक घातलेल्या. सकाळी सहापासून माणसं येऊन बसतात. चांगली माणसं आहेत, बाळाला काही ना काही आणतात. पण आतल्या खोलीचं दार त्यांच्या समोरच उघडतं, म्हणून मी स्वयंपाकघरात कडी लावून, ओट्याला टेकून तिला पाजायची. बाहेरून त्याचा आवाज यायचा. किती मऊ बोलतो हो तो लोकांशी. "काळजी करू नका, मी आहे ना." मी आत ऐकायची आणि मला वाटायचं, आपणही बाहेर जाऊन एखादी खुर्ची घेऊन रांगेत बसावं.

एकदा खरंच बसले. मुलीला घेऊन, सातव्या नंबरला. तो हसला, सगळे हसले. मग त्याला फोन आला आणि तो गेला. त्याच दुपारी मी आईकडे आले.

भांडण झालेलं नाही. मला त्याचा राग नाही, काम खरंच चांगलं करतो. मला फक्त फार एकटं वाटायचं, आणि इथे कमी वाटतं. रविवारी येतो. तासभर बसतो, त्यात अर्धा तास फोनवर. मुलगी त्याच्याकडे परक्यासारखी बघते आणि ते त्याला कळतं, म्हणून तो पुन्हा फोन काढतो.

कान तुमच्यावर गेले आहेत. सुपासारखे. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तुमची सून

०

१८ एप्रिल

चि. ढब्बू,

हे पत्र बसून वाच. खुर्च्या आहेत तुझ्याकडे.

माझ्यासमोर अठरा फेब्रुवारीच्या सभेचं इतिवृत्त आहे. पान नऊ. ती मुलगी छान लिहिते, काही सोडत नाही. मी उतरवून काढतो:

"विषय क्रमांक अकरावर मतदान होऊन चौदा विरुद्ध तेरा मतांनी ठराव मंजूर. याच सुमारास, चार वाजून पंचावन्न मिनिटांनी, वॉर्ड सातच्या सन्माननीय सदस्यांना कन्या झाल्याची वार्ता आली. सभागृहाने बाके वाजवून अभिनंदनाचा ठराव संमत केला. सदस्यांनी उभे राहून आभार मानले."

इथपर्यंत मी तुला काही म्हणत नाही. तुझं मत नसतं तर तेरा-तेरा झालं असतं आणि अध्यक्षांनी विषय पाडला असता. चारशे घरांचं पाणी होतं. माणूस अडकतो. मीही मत देऊनच उठलो असतो.

पण पुढे वाच. "विषय क्रमांक बारा: वॉर्ड तीनमधील बागेच्या बाकांचा रंग. वॉर्ड सातच्या सदस्यांनी हिरव्या रंगाच्या बाजूने मत मांडले. तपकिरी रंगावर धूळ दिसत नाही, या मुद्द्यास त्यांनी उत्तर दिले. पाच वाजून चाळीस मिनिटांनी ते अध्यक्षांच्या परवानगीने सभागृहातून गेले."

बाकं, ढब्बू. दुसऱ्याच्या वॉर्डातली बाकं. पाऊण तास.

मी रागावून लिहायला बसलो होतो. चार दिवस कागद तसाच पडला. मधे सूनबाईचं पत्र आलं. मीच तिला विचारलं होतं, तिला बोलू नकोस. ती लिहिते, तो होता, दारातच होता.

हे शब्द मी ओळखतो. तुझ्या आईचे आहेत.

आता ऐक. मी पेन टाकून पळालो नव्हतो. शिपाई आला, कानात सांगून गेला. मी मान हलवली आणि लिहीत राहिलो. महत्त्वाचंही काही नव्हतं. कुत्र्यांच्या परवान्यांची यादी वाचली जात होती आणि मी ती उतरवत होतो, मालकाचं नाव, कुत्र्याचा रंग. मला कोणी थांबवलं नव्हतं. मीच उठलो नाही. सभा संपली, मी कागद जुळवले, टाचणी लावली, दोन्ही चपला घातल्या आणि चालत गेलो. तू कधीचाच झोपला होतास. खाटेभोवती तुझ्या मावश्या, माझी बहीण, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तुझी आई म्हणाली, "हे होते की मघाशी. दारातच होते." एका पायातली चप्पल तिनेच नंतर घातली गोष्टीत. मग इतक्या वेळा सांगितली गेली की मला तो धावता रस्ताही आठवायला लागला.

ती असेपर्यंत एकदाही मला याबद्दल बोलली नाही. मी वाट बघत होतो, कधीतरी भांडेल, मग मी माफी मागेन. ती भांडलीच नाही. म्हणून माझी माफी राहून गेली आहे. तशीच आहे अजून, या दोन खोल्यांत माझ्याबरोबर.

तू त्या दिवशी माझं बघून खोटं बोललास. ते खोटं मुळात माझं होतं. तुझ्याकडे मात्र अजून पुढची सभा आहे.

बाबा

०

१० जून

चि. ढब्बू,

दोन महिने होत आले, पत्र नाही. रागावला असशील तर बरोबर आहे.

एप्रिल आणि मेचं इतिवृत्त आलं. तुझं नाव दोन्हीकडे उपस्थितांत आहे, पण बोललेला कुठेच नाहीस. तब्येत बरी आहे ना, एवढं एका ओळीत कळव. पोस्टमन माझ्या खिडकीखालून जाताना हल्ली वरच बघत नाही. त्यालाही वाईट वाटत असावं.

बाबा

०

१४ जुलै

ती. बाबा,

रागावलो नव्हतो. म्हणजे पहिले दहा दिवस रागावलो होतो, मग शरम वाटली, आणि शरमेतून पत्र लिहिता येत नाही.

बाकांवर मी का बोललो, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आता कळतंय. शिपायाने सांगितलं, सगळ्यांनी बाकं वाजवली. मला भीती वाटली, बाबा. तिकडे एक नवा माणूस माझी वाट बघत होता आणि त्याचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. हिरवा की तपकिरी हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिथेच थांबलो. दवाखान्यात सहाला पोचलो. हिने माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. तुम्हाला लिहिलेलं ते दाराचं पत्रही हिने वाचलं. तीही भांडली नाही. तुमचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

जूनच्या सभेत मी तीन सभांच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं: मुलगी लहान आहे. एकाने विचारलं, हे कारण नियमात बसतं का. हशा झाला. मग वॉर्ड तीनच्या बाई उठल्या, त्याच, बाकांवाल्या. म्हणाल्या, "नियमात आजारपण बसतं, परगाव बसतं. हे का बसू नये?" रजा मंजूर झाली. पुढच्या इतिवृत्तात वाचालच, पण म्हटलं एकदा तरी तुम्हाला आधी माझ्याकडून कळावं.

बाहेरच्या खोलीतल्या बारा खुर्च्या शाळेला दिल्या. लोक आता मंगळवार-शुक्रवार येतात. कुरकुरतात, पण येतात. बाकीचे दिवस ऑफिस सुटलं की मी बस पकडून सासूबाईंकडे जातो. ही अजून परत आलेली नाही. येईन असं म्हणालेलीही नाही. मी विचारत नाही. मी आपला जातो, नॅपी धुतो, आणि हिच्या पलंगाशेजारी खाली गादी घालून झोपतो. जाग आली की घर परकं वाटतं, आणि हिचे आणि मुलीचे श्वास ऐकू येतात.

तुमच्याकडे नमुना चुकला तर चालत नाही, तरी सोबत एक जोडतो. रविवारी बसून लिहिलं.

इतिवृत्त

स्थळ: सासूबाईंचं स्वयंपाकघर. वेळ: सकाळी अकरा. अध्यक्षस्थानी: अध्यक्षबाई, वय पाच महिने, पाटावर, उशीला टेकून. उपस्थित: आई, आजी, वडील. अनुपस्थित: आजोबा.

विषय एक. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. वडिलांनी दुरुस्ती मांडली, ती अशी: अध्यक्षबाईंच्या जन्माच्या वेळी वडील हजर नव्हते. पाण्याच्या ठरावावर मत देत होते आणि त्यानंतर पाऊण तास बाकांच्या रंगावर बोलत होते. दारात असल्याचे जे सांगितले गेले ते बरोबर नाही. दुरुस्ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. आई रडली. मग म्हणाली, "हिरवा? त्या बागेत?" आणि मग आम्ही भांडलो, पुष्कळ वेळ, फेब्रुवारीपासूनचं सगळं. सासूबाई उठून बाहेर गेल्या. अध्यक्षबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

विषय दोन. वडिलांना यापुढे घरात उपस्थित धरावे की नाही. निर्णय आईने राखून ठेवला. तोवर नॅपी धुणे चालू ठेवावे.

विषय तीन. आजोबा सलग पाच महिने गैरहजर. त्यांचा रजेचा अर्ज आलेला नाही. न बोलावल्याचा दोष वडिलांकडे जातो आणि तो त्यांनी मान्य केला. आई म्हणाली, कान तरी बघून जा म्हणावं, नाहीतर कोणाचे आहेत हे तिला कसं कळणार. ठराव एकमताने मंजूर.

सभा दुधाच्या वेळेमुळे तहकूब. कागदावरचा ओला डाग अध्यक्षांच्या सहीचा समजावा.

बाबा, तिकीट सोबत आहे, सव्वीस तारखेचं. बस सासूबाईंच्या गावी दुपारी चारला पोचते. त्याच दिवशी नगरपरिषदेत अध्यक्षांनी खास बैठक ठेवली आहे आणि मला दोनदा निरोप आलाय. मी स्टँडवर असेन, मुलीला घेऊन, असं लिहिणार होतो. पण घडायच्या आधी लिहायचं नाही. तेव्हा मी लिहीत नाही. उतरलात की बघा, आणि तुमच्या हाताने लिहा.

ढब्बू